येते म्हणावं

प्रिय धाकटे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. भाची म्हणते, "मावशी, रिंग वाजली की आई माझ्याकडे बघत बसते, हात पुढे करत नाही." बरं, नको करूस. कागद वाजत नाही. तो टेबलावर पडून राहतो आणि कधीतरी माणूस कंटाळून वाचतोच. मेहुणे गेल्यापासून तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, हेही तिनेच सांगितलं. धुतलेले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळत असतात म्हणे, गॅलरीतल्या दोरीकडे तू फिरकत नाहीस. ते मी आज बाजूला ठेवते. आधी मला माझ्या वर्गाची गोष्ट सांगायची आहे. घरात सांगून पाहिली, तर मुलगा "अरे वा" म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये शिरला.

हो, वर्ग. हसायचं असेल तर हस, मला बरंच वाटेल. या वयात तुझी ताई इथे परदेशात कॉलेजात जाते. सूनबाईनेच नाव घातलं. म्हणाली, "आई, भिंतींशी चांगल्या मराठीत बोलण्यापेक्षा माणसांशी मोडक्या इंग्रजीत बोला." तिची जीभ तिखट आहे, पण खोटी नाही. वाचन आणि चर्चा असं त्या वर्गाचं नाव. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी एक लहानशी गोष्ट वाचायची आणि गोल बसून तिच्यावर बोलायचं. बाई आपल्या भाचीच्या वयाच्या असतील, पण बाई त्या बाई. बोलताना चुकलं तर त्या टोकत नाहीत, गप्प बसलं की टोकतात. माझ्या डाव्या हाताला बेकरीतला एक कामगार बसतो, त्याच्या कोपरांना पीठ लागलेलं असतं. उजव्या हाताला इस्पितळातली आया, समोर म्हातारा टॅक्सीवाला. प्रत्येकाची भाषा वेगळी, एकाचं अक्षर दुसऱ्याला लागत नाही. सगळे मिळून त्या इंग्रजीच्या फुटक्या होडीत बसलेलो, आणि जो तो आपापल्या ओंजळीने पाणी उपसतोय.

मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. तुला माहीतच आहे मी वाचायला कशी शिकले. हे बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला, आणि चुकीची बांधली गेलेली पुस्तकं विकता येत नाहीत म्हणून ती आमच्या घरी. कुठे मधली पानं गायब, कुठे उलटी शिवलेली. एका कादंबरीत लग्नाचं प्रकरण दोनदा बांधलं गेलं होतं आणि मी ह्यांना म्हटलं होतं, काय बाई आहे, त्याच माणसाशी पुन्हा लग्न करते. हे शिवणीचा दोरा दातात धरून हसत सुटले होते. त्या सवयीचा इथे उपयोग होतो. एका ओळीत चार शब्द कळले नाहीत तरी मी अडत नाही, पान हरवलंय असं समजते आणि पुढे जाते.

पण पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. वर्ग सुटला, मी दप्तर उचललं आणि बाईंना हसून "आय कम" म्हटलं. येते म्हणावं तसं. म्हटलं आणि घरी आले. पुढच्या वर्गाला बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही परत येणार होतात ना? मी वाट बघत बसले होते." त्या बिचाऱ्या खोली उघडी ठेवून बसलेल्या आणि रखवालदार दारात किल्ल्या वाजवत उभा. मला इतकं ओशाळायला झालं की खुलासासुद्धा करता आला नाही. नुसतं "सॉरी, नो कम" म्हणाले.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात बाईंनी एक कथा दिली. पहिल्या पानाच्या शेवटी एक माणूस कोट घालतो, बायकोला म्हणतो, "मी जातो," आणि दार लागतं. बाईंनी पान उलटू दिलं नाही. पुढे काय होईल, सांगा. बेकरीवाला म्हणाला, त्याला नोकरी लागेल. आया म्हणाली, दुसरी बाई असणार. टॅक्सीवाला म्हणाला, "पाऊस येईल, आणि टॅक्सी मिळणार नाही." माझी पाळी आली. मी म्हटलं, तो मरणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी विचारलं, कशावरून? मी म्हटलं, तो तसं म्हणाला ना.

पान उलटलं. तो माणूस संध्याकाळी परत आला, बूट दारात काढले आणि खायला काय आहे म्हणाला. वर्ग हसला, मीही हसले, पण आधीचं पान पुन्हा उलटून पाहिलं. जातो म्हणून गेलेला माणूस धडधाकट घरी आला होता आणि कथेत कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग बाईंनी मला सोडलं नाही. माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांत मी सांगितलं, की आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. आपली आई आठवते ना? जाते शब्द निसटला की परत आत बोलावून, घोटभर पाणी प्यायला लावून, नीट येते म्हणवून घ्यायची. दूधवाल्यालासुद्धा तिने सोडलं नव्हतं. बाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही निरोप घेत होतात." आणि मग त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या भाषेत दारात काय म्हणतात?

धाकटे, त्यानंतर जे झालं ते मी अजून मनात घोळवते आहे. आया म्हणाली, आमच्याकडे म्हणतात, पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. बेकरीवाला म्हणाला, आमच्याकडे जाणारा बोलतच नाही, घरातले म्हणतात, सावकाश जा. टॅक्सीवाल्याच्या भाषेत जाणाराच मागच्यांना सांगतो, तुम्ही सुखाने राहा. आणि बाईंनी सांगितलं की आपण रोज टाकतो त्या गुडबायच्या पोटातसुद्धा देव तुझ्यासोबत असो असंच काहीतरी दडलेलं आहे, आता कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही. त्यांनी आम्हाला फळ्यावर आपापल्या लिपीत लिहायला लावलं. मला त्यातलं फक्त माझं "येते" वाचता येत होतं, तरी सगळा फळा कळत होता. मी आपल्या आईलाच एक वेडी समजत होते. इथे तर सगळ्या जगाच्या आया दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या आणि नुसतं जा म्हणून काही केल्या कोणाला सोडत नव्हत्या.

मी विचारलं, मग तुमचे सगळे परत आले का? आया म्हणाली, माझा भाऊ नाही आला, आणि आईने तर दोनदा म्हटलं होतं. बेकरीवाल्याने मान हलवली, त्याचे वडील. टॅक्सीवाला म्हणाला, "माझी बायको शिव्या देऊन गेली होती. ती मात्र परत आली." आम्ही हसलो, आया तर डोळे पुसत हसली. मग पुढच्या तासाचे गणिताचे सर आले आणि त्यांनी एका हाताने सगळा फळा पुसून टाकला.

आता बाजूला ठेवलेलं बोलते. भाचीने मला सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस. त्या सकाळी मेहुणे गॅलरीच्या दारातून "जातो गं" म्हणाले, आणि तू कपडे वाळत घालत होतीस, तोंडात चिमटे होते, म्हणून तुला "येतो म्हणा" असं म्हणता आलं नाही. तेव्हापासून तू ते चिमटे दाताखाली धरूनच बसली आहेस. तर ऐक. ह्यांनी जन्मात कधी जातो म्हटलं नाही. शेवटच्या दिवशीही चपलेत पाय सरकवताना "येतो गं" म्हणाले होते, स्पष्ट, शेजारणीनेही ऐकलं होतं. कारखान्याच्या जिन्यावर पोचले, तिथून पुढे नाही. माझ्या नवऱ्याला त्यांचा बोललेला शब्द परत आणू शकला नाही, मग तुझ्या नवऱ्याला तुझा न बोललेला शब्द कसा नेईल? येते म्हणणं ही आपली माया आहे गं, ते कुलूप नव्हे. चिमटे तोंडात असतानाही ती तुझ्याजवळ होतीच, आणि मेहुण्यांना ती माहीत होती. आज कपडे दोरीवर घाल. मलाही आता निघायला हवं, वर्गाची वेळ झाली. घे, तुझ्यासाठी लिहून ठेवते: जाते मी. पत्र पोचल्याचं भाची मला कळवेल, त्या संध्याकाळीही मी वर्गातून घरी येईन, चपला काढीन आणि तुला फोन लावीन. तो तू उचल.

तुझीच,
ताई