जरा सौम्य करा

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाहीये, म्हणून मनातलं लिहिते.

दुसऱ्यांसाठी मजकूर लिहून देणाऱ्या माझ्या धंद्याच्या नावामागे मी आहे, हे तुला काय ठाऊक! तुझी मेल आली: 'धाकट्या बहिणीची माफी मागायचीय. एक पान लिहून द्या.' खाली मुद्दे. आई दवाखान्यात असताना तिला मुद्दाम कळवलं नाही. शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. त्याखाली तुझं नाव.

गिऱ्हाइकाला खासगी प्रश्न विचारायचे नाहीत, हा माझा नियम. मुकाट्याने लिहून पाठवलं. तू म्हणालास, 'जरा सौम्य करा.' आणि मी केलं! माझ्याच माफीत मीच साखर पेरली, वर 'धन्यवाद, सर' लिहिलं. सख्ख्या भावाला सर!

आज तुझी मेल आली: 'काम थांबवा. बहीण स्वतःच लिहिणारी आहे. हे माझे शब्द नाहीत, हे लगेच ओळखेल.'

ओळखलं असतं रे. चार शिव्याही घातल्या असत्या. पण त्या घालायला तरी तुला फोन केला असता.

तुझी,
छोटी