नीतूची कडी

३ जानेवारी
नीतूला पुन्हा फिट आली. स्वयंपाकघरात माझ्याजवळ होती म्हणून निभावलं. दुर्गचे डॉक्टर म्हणाले, न्हाणीला आतून कडी नको. यांनी घरी आल्याआल्या कडी काढली. सव्वीस वर्षांची पोर माझी!

६ जानेवारी
अंघोळ नाही, बोलणं नाही. आज एवढंच म्हणाली, "आई, मले एक तरी दार आतून लावू दे ना."
तिचं काय चुकलं? घरभर आमचे डोळे तिच्या मागे. हातातून चमचा पडला तरी दोघं उठतो.

७ जानेवारी
हे विरघळले. कडी परत लावली. प्लांटच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेला माणूस — घरातलं कामही तसंच. चौकटीत आधी बारीक भोक, मग स्क्रूला साबण, मग दोन इंची स्क्रू पूर्ण आत. "आखूड स्क्रू चौकट पकडत नाही, नुसता चिपकून राह्यते," हे ठरलेलं वाक्य. शेवटी स्क्रूंच्या डोक्यावरच्या सगळ्या खाचा उभ्या, एका रेषेत. नीतूलाही लहानपणापासून हेच शिकवलंय. आज तीच स्क्रू हातात देत होती. हसली!
मला मात्र धडकी भरली. आत पडली तर दार उघडायचं कसं?

८ जानेवारी
दोघं बाजारात गेले. मी चौकटीवरच्या कोयंड्याचे लांब स्क्रू काढले, अर्ध्या इंचाचे बसवले. भोकं मोठी — काडेपेटीच्या काड्या खुपसून कसेबसे धरले. शेजारच्या ठकूबाईला आत उभं करून कडी लावायला सांगितली, बाहेरून खांदा दिला. कोयंडा उपटून आला! पुन्हा बसवला.
यांना सांगणार नाही. यांच्या पोटात काही राहत नाही, आणि नीतूला कळलं की तिची कडी गेलीच.

२ फेब्रुवारी
नीतू न्हाणीत गुणगुणते. मी बाहेर डाळ निवडत बसते. फसवते आहे पोरीला. फसवीन!

१९ फेब्रुवारी
नीतू गेली.

२४ फेब्रुवारी
त्या दिवशी आत बादली आपटली. मी धावले. घाबरले नव्हते — एका धक्क्याचं काम होतं. खांदा दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. हे आले, ठकूबाईचा कमलेश लोखंडी पहार, सब्बल घेऊन आला. फळी फोडून आत गेलो तेव्हा तिचं तोंड पाण्यात होतं.
हे तेव्हापासून एकच म्हणताहेत, "माह्याच हातानं लावले, दोन इंची." यांनीच आखूड स्क्रू पाहून बदलले असणार. चीड येते. तोंड बघवत नाही यांचं. पण मी तरी कुठे सांगितलं होतं?

१ मार्च
आज सांगून टाकलं. हे म्हणाले, "मी नाही बदलले वं, कौशल्या. मी तर त्याले हातही नाही लावला."
दोघं न्हाणीत गेलो. दार फुटलं, पण कोयंडा अजून चौकटीत घट्ट आहे. यांनी एक स्क्रू काढला. दोन इंची. आट्यांत वाळलेला साबण. बाकीच्यांच्या खाचा उभ्या, एका रेषेत.

३ मार्च
माझे आखूड स्क्रू सापडले. नीतूच्या पावडरच्या डब्यात, रुमालात बांधलेले. तिला सगळं कळलं होतं. मला एका शब्दानं बोलली नाही.