यापुढे गरज नाही

सोमवार, ४
पोहोचलो एकदाच्या, मी आणि माझी सात वर्षांची लेक! घर दुसऱ्या मजल्यावर, ऊन भरपूर, शाळा हाकेच्या अंतरावर. तिनं आल्या आल्या भिंतीकडची खाट पटकावली आणि खिडकीकडची मोठ्या उदार मनानं मला दिली.

नोकरी नोंदणी कार्यालयात. गावातल्या प्रत्येक माणसाची नोंद ज्या कॉम्प्युटरवर आहे, तो आता माझ्या ताब्यात. सिस्टीम ओपन सोर्स. फुकट, खुली, हवं ते घाला, नको ते काढा. माझ्या आधीच्यानं मात्र नुसतंच घालून ठेवलंय. मला पसारा बघवत नाही. शाळेसाठी लेकीची नोंद आजच केली, माझी करू सावकाश. खिडकीजवळच्या टंकलेखिकेनं चहा दिला आणि हसत विचारलं, पहिल्याच दिवशी कंबर कसलीत की काय?

मंगळवार, ५
एक जुनी लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे असा तयार तुकडा, ज्याच्या आधारावर दुसरे प्रोग्राम चालतात. हिच्यावर काय चालतं, ते साहेबांनाही सांगता येईना. मग काढलीच. काढताना कॉम्प्युटर नेहमीसारखी लांबलचक यादी दाखवतो, की यापुढे यांचीही गरज नाही, काढू का? आमच्या कामात ती यादी वाचतं कोण! दाबलं ‘हो’. शिवाय रोज दुपारी बाराला अशीच सफाई न विचारता आपोआप व्हावी, अशी सोय करून टाकली. स्वतःवर जाम खूश आहे.

बुधवार, ६
बारा वाजून गेल्यावर खिडकीजवळचं टेबल रिकामं. कपातला चहा गरम. टेबलावरची तिच्या नावाची पाटी कोरी. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, तिथे कधीच कुणी बसत नव्हतं. मला थट्टा वाटली, मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

गुरुवार, ७
कालच्या सफाईचा तपशील आज पहिल्यांदा वाचला. ‘टंकलेखिका, खिडकीजवळची. यापुढे गरज नाही.’ तिचं नाव आठवून बघितलं, आठवेना. लायब्ररी परत घालायला गेले, तर अशी लायब्ररी कुठेच नाही, असं कॉम्प्युटर म्हणतो. सफाईची सोय काढून टाकली. साडेअकराला बघते, तर ती सोय परत जागच्या जागी.

बाराला ऑफिसातले शिपाईकाका तसेच गेले. टंकलेखिका त्यांची सून होती. नोंदीत त्यांना आपलं म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मला भीती वाटतेय. लेकीला कुशीत घेऊन झोपणार आहे.

शुक्रवार, ८
अकरा. आज काय जाणार, ते न काढता नुसतं दाखव म्हटलं. एकच ओळ.
‘मुलगी, वय सात, दुसरा मजला. यापुढे गरज नाही.’

नाही कशी? मला आहे! पण माझी नोंदच नाही ना — मीच म्हणाले होते, सावकाश. आत्ता करायला गेले. नवी नोंद होतच नाही. त्यासाठी ती लायब्ररी लागते. मी काढलेली.

धावत शाळेत गेले. तिला उचलून ऑफिसात आणलं. मांडीवर आहे.

११.५०. एक वाट आहे. ‘ही हवी आहे, काढू नको’ अशी खूण करता येते. पूर्ण नाव लिहावं लागतं.

११.५५. नाव — आत्ता तर ओठांवर होतं — दप्तरावर बघितलं, कोरं — तिलाच विचारलं — ती रडतेय, आई, मला आठवत नाही म्हणतेय —

११.५८. मी हिला काय हाक —

शनिवार, ९
ऊन छान पडलंय. घरात दोन खाटा कशाला मांडल्या, कोण जाणे.

मागच्या पानांवर कुणा लेकीबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच. मला लेक नाही. मग ती पानं मी पुन्हा पुन्हा का वाचतेय?

ऑफिसात माझ्या टेबलाखाली एक छोटासा बूट सापडला. कुणाचाच नाही म्हणतात. पसारा मला बघवत नाही. टाकून द्यायला उचलला, तर आतून अजून गरम —