पाहुण्यांचा कर

फेल्डहोवन, बुधवार संध्याकाळ

शेजारचा डच यान चहाला आला होता. माझ्या इराचं इतिहासाचं पुस्तक पाहून तिला रंगवून सांगू लागला, स्पेनच्या राजाने न विचारता कर लादले, म्हणून आमचे पूर्वज बंड करून उठले. इराने सरळ विचारलं, "आई पण कर भरते. मग देशाच्या निवडणुकीत तिला मत का नाही?"

यान हसला. "तुम्ही पाहुणे ना."

पाहुणे. सात वर्षं पगारातून कर कापून घेतात, आणि मी पाहुणी. याच्या घरी पाहुण्याला एक बिस्किट मिळतं आणि डबा बंद होतो.

डोकं सणकलं होतं. पण तोंडातून निघालं काय? "अजून थोडा चहा?" वर बिस्किटांचा डबाही पुढे सरकवला.

इरा वर निघून गेली. त्याच्यावर नाही, माझ्यावर चिडून.