उजवीकडे वळताना

३ मार्च

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. झटका आलेल्या माणसाचं अक्षर इतकं झोकदार कसं, असं मालक विचारत होते. मी म्हटलं, झटका डाव्या अंगाला आलाय, ताठा उजव्या अंगात शाबूत आहे.

इथे स्वारीच्या शाळेत बरं चाललंय. तुमचे विद्यार्थी आता माझ्या हाताखाली आलेत आणि कुरकुरतायत. बाईसाहेब रोज सकाळी तबेल्यातून मान बाहेर काढून तुमच्या सायकलीची वाट बघते. तुम्ही दादाकडे उपचाराला गेलात, हे घोडीला कसं समजावणार?

डॉक्टर म्हणतात घोड्याचं नाव काढू नका, आणि तुम्हाला जायच्या आधी एकदा तिच्या पाठीवरून रिंगणाला फेरी मारायचीय. असलं अभद्र पुन्हा लिहायचं नाही. फेरी मात्र मारायची. डाव्या पायावाचून चालवता येईल अशी मी तिला तयार करतेय. दोन्ही लगाम उजव्या हातात धरते आणि डावा पाय लुळा सोडते. डावीकडे झकास वळते, उजवीकडे मात्र ढिम्म!

दादा-वहिनींना नमस्कार. रागावलात तरी उत्तर लवकर लिहा.

तुमची
भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुला अक्कल कधी येणार? मी इतकी वर्षं घडवलेली घोडी तू बिघडवायला निघालीस! उजवीकडे वळवायचं तर स्वाराची डावी टाच लागते, हे तुझे दुधाचे दात पडायच्या आत शिकवलं होतं. इथवर लिहून कागद फाडणारच होतो. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. चहा पिता पिता राग उतरला आणि डोकं चालायला लागलं.

तुझं चुकतंय कुठे ते सांगतो. पाय लुळा सोडलास असं तुला वाटतं. पण धडधाकट पाय कधी गप्प बसत नाही, त्याची चुळबुळ घोडीला कळते. माझा पाय आता नुसतं ओझं आहे. पलंगावरून उतरताना तो हातानं उचलून खाली ठेवावा लागतो. लिहायला लाज वाटते, पण तुला नाही तर कुणाला सांगू?

तेव्हा तू डावा पाय उचलून खोगिराच्या पुढे आडवा घे. त्या बाजूला वाळूची पिशवी बांध, पायासारखी लोंबती आणि चांगली जड. हे ओझं म्हणजे हुकूम नव्हे, एवढं तिला आधी कळू दे. मग उजवीकडे जायचं तर पहिल्यांदा नजर तिकडे, मग खांदा, मग बैठक. लगाम सगळ्यात शेवटी, तोही मानेला नुसता टेकवायचा. खेचाखेची केलीस तर याद राख. आणि वळली रे वळली की लगाम सैल आणि मानेवर थाप. तुझी थाप नेहमी उशिरा पडते. उशिरा पडली की ती कशाबद्दल मिळाली हे जनावराला कळत नाही.

पडू नकोस. तुझ्या आईला वर गेल्यावर काय तोंड दाखवू?

तुझा हट्टी बाप,
आप्पा

६ एप्रिल

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

वळली! आप्पा, उजवीकडे वळली!

पहिले काही दिवस पिशवीनं नुसता वैताग आणला. बाईसाहेब तिच्या ओढीनं डावीकडे सरकत जायची, आणि एकदा तर मला थेट कुंपणावर नेऊन टाकलं. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही, उगाच घाबरू नका. घोड्यांना खरारा करायचा सोडून मोतद्दारकाका पोट धरून हसले. पण काल मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडे नुसतं बघितलं, खांदा वळवला, आणि लगाम टेकायच्या आत ही वळलीसुद्धा. थाप वेळेवर दिली, मोतद्दारकाकांना विचारा.

तुम्हाला चढता यावं म्हणून सुतारानं कठड्याच्या पायऱ्या करून दिल्यात. मालकही तयार आहेत. डॉक्टरांना काय सांगायचं ते दादा बघेल. आप्पा, आता या. आम्ही दोघी तुमची वाट बघतोय.

तुमची
भिंगरी

२ मे

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुम्ही आलात तेव्हा घरात इतकी माणसं होती की बोलणंच झालं नाही. एक गोष्ट राहून गेली, ती सांगितल्यावाचून मला चैन पडायचं नाही.

मामंजी महिनाभर खोलीत सराव करत होते. आरामखुर्चीत बसायचे आणि खिडकीच्या गजाला बांधलेली पायजम्याची नाडी उजव्या हातात धरायचे. दाराकडे बघायचे, खांदा वळवायचे, मग नाडी हलवायचे. मी हसले की म्हणायचे, सूनबाई, घोडी बुजेल. तुमचं ‘या’ म्हणून पत्र आलं त्या दिवशी त्यांनी बूट मागितले. उजवा स्वतः चढवला, डावा मी घातला. जेवण झाल्यावर खुर्चीतच डोळा लागला असं मला वाटलं. पाणी घेऊन गेले तेव्हा सगळं संपलं होतं. नाडी हातातच होती.

बूट मी ठेवलेत. पुढच्या वेळी घेऊन जा. जेवत जा, आणि हे माहेर तुटलं असं मनात आणू नका.

तुमची
वहिनी

११ जून

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र किती वेळा वाचलं सांगत नाही. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

इथे एक अवघड काम अंगावर आलं होतं. बाईसाहेबवर शिकणारी मुलं बसतात. ती डावी टाच लावायची आणि ही गोंधळून जागच्या जागी उभी राहायची. मालक बिचारे अवघडून म्हणाले, तिला पुन्हा पहिल्यासारखी कर, नाहीतर ठेवता येणार नाही. म्हणजे आप्पांसाठी जे शिकवलं ते सगळं तिच्या अंगातून काढायचं. वहिनी, मला ते नको होतं गं. मी दोन दिवस तबेल्यात फिरकलेच नाही.

मग सुरुवात केली. रोज पिशवीतली थोडी वाळू काढून रिंगणात टाकायची आणि माझा पाय थोडा खाली आणायचा. काल पिशवी रिकामी झाली. आज ती सोडली, पाय रिकिबीत घातला आणि टाकीपाशी डावी टाच लावली. बाईसाहेब उजवीकडे वळली. किती छान वळली म्हणून सांगू! आणि मला रडू कोसळलं. लगाम हातात घट्ट धरून मी रडत बसले, आणि ती बिचारी कान हलवत उभी, आपलं काय चुकलं म्हणून.

थाप उशिरा पडली, वहिनी. पुढच्या कोपऱ्यावर तिला पुन्हा वळवलं आणि तेव्हा मात्र वेळेवर दिली.

दादाला सांग, मी जेवते. बूट घ्यायला येईन. तोवर तुझी माया अशीच राहू दे.

तुझी
भिंगरी