ओली कुंडी

३ मार्च, मंगळवार

चिलटं! चहात एक, माझ्या डोळ्यात एक, आणि एक सासूबाईंच्या चष्म्याच्या काचेआड. घरात माणसं दोनच, पण फौज ही एवढी. दिवसभर दुकानात लोकांचे चष्मे बसवायचे, राईएवढे स्क्रू पिळायचे, आणि घरी आल्यावर पुन्हा बारीक जिवांशीच गाठ.

ह्यांच्या कुंड्यांतून येतात, दुसरं काय. अकरा कुंड्या. हे होते तोवर घरात एक चिलट नव्हतं. हे गेल्यापासून आठ महिने झाडं मी बघते. रोज सकाळी न चुकता प्रत्येकीला अर्धा तांब्या पाणी. एक दिवस खाडा नाही! आणि त्याचं हे फळ.

सासूबाई खोकतात. चिलटांमुळे म्हणतात. खोकला थेट ह्यांच्यासारखा — दोनदा कोरडा, मग घसा साफ. मला त्या खोलीत बसवत नाही.

४ मार्च

दुकानातलं भिंग घरी आणलं. रबराच्या झाडाची माती उकरून बघितली. दोऱ्यासारख्या पांढऱ्या अळ्या, डोकं काळं, चकचकीत. शिसारी आली. हे झाड ह्यांचं सर्वांत लाडकं. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीचा पहिला पगार झाला त्या दिवशी आणलेलं, माझ्याही आधी घरात आलेलं. सासूबाईंच्या खुर्चीशेजारी तिपाईवर असतं. खालची तीन पानं पिवळी.

६ मार्च, शुक्रवार

दुकानातून लवकर सुटून नर्सरीत गेले. नर्सरीवाले काका अळीबद्दल ऐकून हसलेच. "पाणी किती घालता?" सांगितलं. "रोज? बाई, झाडं उपासानं कमी मरतात, लाडानं जास्त. अति तिथे माती म्हणतात — तुमच्याकडे तर मातीही उरली नाही, नुसता चिखल!"

मग नीट समजावलं. चिलटं ओल्या मातीतच अंडी घालतात. वरची दोन बोटं माती खडखडीत वाळली की अळ्या जगत नाहीत. काडी खुपसून बघायची, ओली आली तर पाण्याचं नाव काढायचं नाही. पाणी द्यायचं ते खालून — बशीत ओतायचं, अर्ध्या तासानं उरलेलं फेकून द्यायचं. गळलेली पानं उचलायची. वर बोटभर जाड वाळू. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद. आणि बटाट्याची कच्ची चकती मातीवर ठेवायची, अळ्या तिच्याखाली जमतात, सकाळी चकतीसकट बाहेर. "आणि चिलटं दिसेनाशी झाली म्हणून सोडून देऊ नका. तीन-चार आठवडे दम धरा."

म्हणजे आठ महिने मी पाण्यानं ह्यांची झाडं मारत होते. तेवढं एकच काम ह्यांच्यासाठी उरलं होतं माझ्याकडे. बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं, डोळ्यात काही गेलं.

८ मार्च, रविवार

दिवसभर वाळू, काड्या, कागद. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. आम्ही कामापुरतंच बोलतो. जेवण वाढलंय. गोळी घेतली का. बस.

संध्याकाळी वन्संचा फोन. ह्यांची थोरली बहीण, दोन तासांच्या अंतरावर राहते. "आईला मी घेऊन जाते. बावीस तारखेला, रविवारी येते. तिला तिथे त्रास होतो." त्रास! सासूबाईंनी चिलटांचं गाऱ्हाणं केलं असणार. आठ महिन्यांत ह्या बाईला आई आठवली नाही, आणि आता लगेच कळवळा!

न्या म्हटलं. मनात आलं, सुंठीवाचून खोकला गेला. लिहिलं आणि लाज वाटली. पण खोडत नाही.

११ मार्च

कागदावर एकोणचाळीस. भिंगानं मोजली.

आज घरी येताना जिना चढून दम लागला. दार मीच उघडते, किल्ली माझ्याकडे असते. आत कोणी "आलीस का" म्हणत नाही. ओट्यावर ह्यांचा उभा पेला पालथा घातलेला, ओला. रोज असतो. घरात डझनभर पेले आहेत, पण सासूबाईंना पाणी प्यायला ह्यांचाच लागतो! मी अजून त्याला हात लावू शकलेली नाही, आणि ह्या खुशाल वापरतात.

१४ मार्च, शनिवार

दहा कुंड्या वाळल्या. काड्या कोरड्या. बटाट्याखाली एकही अळी नाही.

रबराची अजून ओली! मी आठ दिवसांत थेंब घातलेला नाही.

१५ मार्च

विचारलं. "आई, रबराला तुम्ही पाणी घालता का?"

"मी कशाला घालू? मला वाकता तरी येतं का?"

तिपाईवरच्या कुंडीला वाकायचं कशाला! आणखी एक पान गळलं. चिलटं आता फक्त तिथूनच येतात आणि पुन्हा सगळ्या घरभर होतात. एकीच्या ओलीपायी दहांची मेहनत पाण्यात.

मी तरी एवढी का पेटलेय? कारण चिलटं गेली तर वन्संना न्यायला निमित्त उरणार नाही. गेल्या रविवारी न्या म्हणाले, आणि आज हे. माझं मलाच कळत नाही. ह्यांना लहानपणी काय म्हणून हाक मारायचे, ते आता ह्या घरात एकाच माणसाला माहीत आहे.

१७ मार्च, मंगळवार

रबराच्या कुंडीला तोंडावर प्लॅस्टिक ताणून चिकटपट्टी गुंडाळली. चारही बाजूंनी. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. म्हटलं, "आता बघू कोण घालतं ते." पट्टी कापायचा आवाज तेवढा झाला.

दुष्टपणा झाला. माहीत आहे.

१८ मार्च, बुधवार

आज दुकानात वीज नव्हती, काच घासायचं यंत्र बंद, म्हणून लवकर सोडलं. एरवी सातला पोचते, आज सहालाच घरी. सासूबाईंचा खुर्चीतच डोळा लागला होता. दुसऱ्या खोलीत, दार उघडं ठेवून आडवी झाले. मी आलेय हे सासूबाईंना कळलंच नसावं.

साडेसहा वाजले. त्या उठल्या. भिंतीला धरत ओट्यापाशी गेल्या, ह्यांचा पेला भरला, दाराशी गेल्या, कडी काढली, दार उघडलं. पेला हातात धरून उभ्या. जिन्यात कोणी नाही. मग दार लावलं. पेला घेऊन कुंडीपाशी आल्या. प्लॅस्टिकवरून हात फिरवला. आणि तशाच उभ्या राहिल्या — कुठे ठेवावा हेच कळेना!

हे रोज साडेसहाला यायचे. दारात पाणी. चप्पल काढायच्या आधी पाणी. मला वाटायचं, म्हातारीचे लाड.

मी बाहेर आले. दचकल्या. पाणी हातावर सांडलं.

"आई, मोरीत ओता ना."

"त्याचं पाणी मोरीत ओतू?"

मी खाली बसले. त्याच बोलत राहिल्या, माझ्याकडे न बघता. "त्या दिवशीही भरला होता गं. फोन तू घेतलास. तू धावत गेलीस. मी पेला धरून उभी. कुणीतरी मला बसवलं. हातातलं पाणी कुठे टाकू? शेजारी कुंडी होती."

त्या दिवशी तो पेला कुणी रिकामा केला, हे मला आठ महिन्यांत एकदाही सुचलं नाही. मी सकाळी ओतत होते, त्या संध्याकाळी. दोघी मिळून एकच झाड बुडवत होतो.

पट्टी फाडली, प्लॅस्टिक काढलं. "घाला. रोज घाला. गेलं झाड तर जाऊ दे."

"नको. त्याच्या हातचं एवढंच राहिलंय. माझ्यामुळे मरायला नको."

आजचं पाणी शेवटी त्यांनी रात्रीच्या भातात ओतलं.

१९ मार्च

आज पेला कोरडा. फळीवर. साडेसहाला त्यांनी काय केलं असेल?

२० मार्च, शुक्रवार

वन्संना फोन केला. म्हटलं, चिलटं गेली, आईंना राहू द्या.

"अगं, चिलटांचं काय? तिनंच मला सांगितलं ने म्हणून. म्हणाली, सुनेला माझं तोंड बघवत नाही. मी खोकले की ती उठून जाते. माझ्यात त्याला बघते ती, आणि मी समोर असले की तिला विसरता येत नाही. मी असेपर्यंत ती पोर सुटायची नाही."

खोटं काही नव्हतंच त्यात. उठून जात होतेच मी. मला वाटत होतं त्यांना मी नको झालेय.

सासूबाईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. वर ती करडी शाल घडी घालून.

२१ मार्च, शनिवार — सकाळ

रबराची काडी दोन बोटं कोरडी आली. कागदावर एकच चिलट. शेंड्याला लाल टोक दिसतंय, नवं पान असावं. त्यांना हाताला धरून दाखवलं. बराच वेळ बघत होत्या.

निघताना दारात थांबले. म्हटलं, "आई, मी सातला येते. जिना चढून तहान लागते फार."

संध्याकाळ

दुकानात गर्दी, पोचायला सव्वासात. किल्ली काढायच्या आधीच दार उघडलं. पुढे ह्यांचा पेला. मी चप्पल न काढताच घेतला आणि उभ्याउभ्या सगळा प्यायले. त्या म्हणाल्या, "आलीस?"

बॅग दाराशी नव्हती. शाल खुर्चीवर होती. वन्संना कळवलंय, उद्या या, पण जेवायला.

पाणी कोमट होतं. साडेसहालाच भरून हातात धरून बसल्या होत्या.