लाल ट्रेलर जोडू नकोस

सेल्मा,

तुझा ट्रक न विचारता नेतो आहे. तुझी रेसगाडी लाल ट्रेलरवर चढवू नकोस. तो मीच निवडला, चूक माझीच. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेल्या हजार किलोंच्या मर्यादेत ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. मी फक्त गाडीचे सातशे धरले. ट्रेलरच चारशेचा आहे, शिवाय त्याला ब्रेक नाहीत.

काल जेवताना तू म्हणालीस, "आजोबा, तुम्ही इतकं वाचून निवडलाय, म्हणजे प्रश्नच नाही!" शंका मला तेव्हाच आली होती, पण मी बटाटे वाढून घेतले.

ब्रेकवाला ट्रेलर मागायला लेथब्रिजला माझ्या मित्राकडे, ओडेनकडे चाललो आहे. त्याने नाही म्हटलं तर शर्यत बुडेल. तरी शेजारच्या ब्राइसचा ट्रक मागून घेऊन त्याला हाच लाल ट्रेलर जोडून घाटात उतरू नकोस. मी येईन तेव्हा घरात अस, मग कितीही ओरड.

आजोबा